व्ही. पी., पिन आणि ऑनलाइन खरेदी : वऱ्हाडातील एका गावाच्या निमित्ताने

विदर्भात सावंगी नावाची गावे अनेक आहेत. वर्ध्याजवळची सावंगी ‘मेघे’ या पुरवणीने ओळखली जाते. यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यातील सावंगीला ‘फूल’ हे पूर्वपद लाभले आहे. या पदांची व्युत्पत्ती काहीही असो, त्यांचे कार्य उघड आहे : एका नावाच्या गावांत भेद करणे. हा भेद शेजाऱ्याला नको असतो, तो दूरस्थाला हवा असतो. परगावाहून माल धाडणाऱ्याला तर तो अत्यावश्यक होय. भारतातील ऑनलाइन खरेदीचा इतिहास सामान्यतः १९९५ पासून, म्हणजे सर्वसामान्यांना इंटरनेट खुले झाले त्या वर्षापासून, सांगितला जातो. रेल्वेमार्गापासून दूर राहिलेल्या फुलसावंगीसारख्या गावातून पाहिले असता मात्र तो सव्वाशे वर्षांनी मागे न्यावा लागतो, असे म्हणण्यास आधार आहे.

पहिला आधार भाषेचाच. दुकानात समोरासमोर वस्तू ‘मागितली’ जाते. परगावाहून ती ‘मागवली’ जाते. ‘मागवणे’ हे ‘मागणे’चे प्रयोजक रूप असून त्यात मध्यस्थ गृहीत आहे. पुसदला किंवा नांदेडला निघालेल्या माणसाकडे पैसे व निरोप देऊन कापड, औषध, लोखंडी सामान आणवण्याची रीत टपालापेक्षाही जुनी. पुढे टपालाने तोच मध्यस्थ सरकारी केला. वृत्तपत्रांनी ‘ऑनलाइन खरेदी’ हा शब्दप्रयोग रूढ केला खरा, पण बोलण्यात लोक ‘ऑनलाइन मागवलं’ असेच म्हणतात. नव्या व्यवहारासाठी नवे क्रियापद लागले नाही, ही गोष्ट अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनीही ध्यानात घेण्याजोगी आहे.

१८५४ च्या कायद्याने अंतर कितीही असो, वजनावरच टपालहशील ठरू लागले आणि दूरच्या खेड्याला शहराइतकाच दर मिळाला. तथापि विश्वासाचा प्रश्न उरला होता. मुंबईच्या पेढीने अनोळखी गिऱ्हाइकास माल आधी धाडावा, की गिऱ्हाइकाने पैसे आधी धाडावेत ? १८७७ मध्ये सुरू झालेल्या ‘व्हॅल्यू पेएबल पोस्ट’ या व्यवस्थेने हा पेच सोडवला. विक्रेता पार्सलावर किंमत लिहून ते टपालखात्याच्या स्वाधीन करी. गिऱ्हाईक ती किंमत भरून पार्सल घेई. टपालखाते ती रक्कम विक्रेत्यास पोचवी. १८८० पासून मनीऑर्डरीचे कामही टपालखात्याकडे आल्याने हा फेरा अधिक सुकर झाला. मराठीत या व्यवस्थेचे नाव ‘व्ही. पी.’ असे आखडले आणि तिला क्रियापद मिळाले ते ‘सोडवणे’. गहाण सोडवतात तशी व्ही. पी. ‘सोडवून’ घेतात. माल गावात पोचलेला आहे, पण पैका मोजेपर्यंत तो आपला नाही, ही तिची कायदेशीर स्थिती या एका शब्दाने जितकी नेमकी सांगितली, तितकी ती नियमपुस्तिकेनेही क्वचितच सांगितली असेल.

पुस्तके, औषधे, घड्याळे, बी-बियाणे या मार्गाने खेड्यांत गेली. मराठी ग्रंथव्यवहाराला व्ही. पी.चा आधार मोठा होता आणि जाचही. मागवणाऱ्याने ऐनवेळी पार्सल नाकारले, की जाण्यायेण्याचा खर्च प्रकाशकाच्या माथी बसे. ‘कृपया व्ही. पी. परत करू नये’ अशा आशयाची विनवणी जुन्या मासिकांच्या वाचकांना परिचित आहे.

२००७ मध्ये बंगळूर येथे स्थापन झालेल्या फ्लिपकार्टने आरंभी केवळ पुस्तके विकली. तिचे पहिले पुस्तक तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील महबूबनगर या जिल्ह्याच्या गावी गेले. महानगरी नव्हे, हे सूचक आहे. परंतु क्रेडिट कार्ड थोड्यांपाशी होते आणि न पाहिलेल्या दुकानास पैसे आधी देण्याची तयारी त्याहून थोड्यांची. २०१० मध्ये कंपनीने ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ची सोय केली आणि विक्रीस वेग आला. ही सोय म्हणजे भारतीय बाजाराची नवी कल्पकता, असे पुष्कळदा लिहिले जाते. वस्तुतः ती व्ही. पी.च होय, फरक इतकाच, की मध्यस्थ आता सरकारी राहिला नाही. जुना जाचही तिच्यासोबत आला : दारातून परतलेल्या पार्सलांचा भार या कंपन्यांनाही सोसावा लागतो.

विश्वासाइतकाच पत्त्याचा प्रश्न महत्त्वाचा. ‘मु. पो.’ या संक्षेपात मुक्काम आणि पोस्ट यांचा भेद जपलेला आहे. टपालकचेरी नसलेल्या गावाचा रहिवासी ही दोन अक्षरे फोडून वेगवेगळी लिहितो. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा अंकी पिन अमलात आला. त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे दळणवळण खात्यातील अधिकारी आणि संस्कृतचे कवी होते. सारख्या नावांची गावे आणि नाना लिप्यांतील पत्ते यांनी होणारा घोटाळा टाळणे, हा पिनचा हेतू होता; ‘फूल’ हे पूर्वपद जे काम करीत होते, तेच अंकांनी देशभर करावयाचे होते. यवतमाळ जिल्ह्याचे पिन ४४५ ने आरंभ होतात. पण पिन हा गावाचा क्रमांक नव्हे, टपाल वाटणाऱ्या कचेरीचा होय. एका पिनखाली अनेक गावे, बंजाऱ्यांचे तांडे आणि कोलामांचे पोड येतात. तेथवर पोस्टमनने माणूस ओळखून पत्र पोचवावे, ही अपेक्षा होती. ऑनलाइन दुकानाने पिन उचलला, ती ओळख उचलली नाही. त्याचा तक्ता घरक्रमांक, रस्ता, जवळची खूण विचारतो. खेड्यातला गिऱ्हाईक खुणेच्या रकान्यात देऊळ किंवा शाळा लिहितो, आणि अखेर पार्सल पोचते ते भ्रमणध्वनीवर! अनेक ठिकाणी वाटपी मुलगा बसथांब्यावर थांबतो आणि गिऱ्हाईक तेथे येऊन पार्सल सोडवतो.

२०१६ हे वर्ष या दृष्टीने निर्णायक ठरले. एप्रिलमध्ये यूपीआय, सप्टेंबरमध्ये जिओची स्वस्त सेवा, नोव्हेंबरमध्ये नोटाबंदी. २०२० च्या टाळेबंदीने उरलेला संकोच मोडला. यांविषयी पुष्कळ लिहिले गेले असल्याने येथे विस्तार नको.

ज्याविषयी थोडे लिहिले गेले, ती गोष्ट उधारीची. कापसाच्या मुलखात वर्षाचा पैसा वेचणीनंतर येतो. ऑनलाइन दुकानांचे मोठे सवलतविक्रीचे दिवस मात्र दसरा-दिवाळीच्या सुमारास, म्हणजे कापूस नुकता घरी येऊ लागलेला असता आणि चुकारा हाती पडण्यापूर्वी असतात. या मधल्या काळात कापड, किराणा आणि खत गावच्या दुकानदाराने खात्यावर लिहून द्यावे, हा जुना क्रम. त्यात चढा भाव होता, मिंधेपणा होता, क्वचित सावकारीही होती. तो आदर्श मानण्याचे कारण नाही. परंतु पीक बुडाले तर खाते पुढल्या हंगामावर नेण्याची मुभाही त्यातच होती. व्ही. पी.ने या खातेवहीस धक्का लावला नाही, कारण तिने येणारी वस्तू बहुधा गावात न मिळणारी असे. ऑनलाइन दुकान दुकानदाराकडचीच साडी आणि बूट कमी भावाने विकते. रोखीचा गिऱ्हाईक तिकडे गेला, की दुकानदारापाशी उधारीवाला तेवढा उरतो, आणि रोखीच्या आवकीवाचून उधार देणे त्याला फार काळ परवडत नाही. हप्त्यांची सोय नव्या दुकानांतही आहे. पण ती बँकेतील नोंद पाहून मिळते, पाऊस पाहून नव्हे.