मोटारींतील ठणठणाट आणि त्याचें निदान

ज्यांनीं जुन्या काळची मोटार घाट चढतांना ऐकली असेल, त्यांना तिच्या इंजिनांतून मधूनच येणारा ठणठण असा आवाज ठाऊक असेल. आंतून कोणी हातोडी मारीत असावें तसा तो वाटतो. मेस्त्री त्याला ‘नॉकिंग’ म्हणतात. या एका आवाजाच्या निदानापायीं शास्त्रज्ञांनीं कित्येक वर्षें खर्च केलीं, आणि जें औषध सांपडलें त्यानें पुढें जवळजवळ शंभर वर्षें जगाची हवा बिघडविली. ती हकीकत आज सांगावयाची आहे.

१९१२ सालीं अमेरिकेंतील कॅडिलॅक मोटार हँडल मारल्यावांचून, विजेनें सुरू होऊं लागली. ही योजना ओहायो प्रांतांतील डेटन शहरच्या चार्ल्स केटरिंग याची. परंतु तिच्या इंजिनांतून ठणठणाट ऐकूं येऊं लागला, आणि लोकांनीं बोट दाखविलें तें केटरिंगच्या बॅटरीच्या ठिणगीकडे. घरांत नवी सून आली आणि दूध नासलें, तर दोष कोणाचा, हें सांगावयास नकोच!

केटरिंगनें हें काम पुढें टॉमस मिजली या तरुण इंजिनियराकडे सोंपविलें. ठिणगी पडण्यापूर्वींच तापलेल्या काजळीमुळें वायु पेट घेतो व म्हणून आवाज होतो, अशी तेव्हां सर्वसाधारण समजूत होती. मिजलीनें सिलिंडरांतील दाब मोजणाऱ्या यंत्राला एक चिमुकला आरसा बसविला आणि त्यावरून परावर्तित होणारा प्रकाशाचा किरण फोटोच्या फिल्मवर पाडला. समजूत खरी असती, तर दाब ठिणगीच्या अगोदर उसळला असता. चित्रांत तो उसळला ठिणगीच्या नंतर! म्हणजे ज्योत वेळेवरच लागते. पण ती पसरत असतां पुढचा न जळलेला वायु दडपला जाऊन इतका तापतो कीं, तो सगळा एकदम भडकतो. त्या स्फोटाच्या लाटा सिलिंडरच्या भिंतींवर आदळतात, आणि आपणांस ठणठण ऐकूं येते. इंग्लंडांत हॅरी रिकार्डो यानेंहि त्याच सुमारास हाच निष्कर्ष काढला. ठिणगी निर्दोष ठरली. दोष इंधनाचा होता.

उपायाची कथा मात्र गमतीची आहे. बर्फांतहि लवकर फुलणाऱ्या एका रानवेलीच्या पानांची पाठ लाल असते. लाल रंग उष्णता लवकर शोषीत असावा, तेव्हां इंधनच लाल केलें तर? प्रयोगशाळेंत लाल रंग नव्हता, म्हणून आयोडिन घातलें. आवाज कमी झाला! पुढें खरे लाल रंग घालून पाहिले, तों कांहींच उपयोग नाहीं. आणि आयोडिनचा एक रंगहीन संयुग घातला, तर आवाज पुन्हां कमी. तर्क साफ चुकीचा, फळ मात्र पदरांत. मग एकामागून एक द्रव्यें पारखलीं गेलीं, आणि ९ डिसेंबर १९२१ रोजीं शिशाचा एक संयुग, टेट्राएथिल लेड, हातीं लागला. गॅलनभर पेट्रोलांत अगदीं थोडासा घातला कीं इंजिन शांत. फेब्रुवारी १९२३ मध्यें डेटन येथें हें पेट्रोल विकूं लागलें. नांव ठेविलें ‘एथिल’. शिशाचा उच्चार नांवांत नव्हता, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

शिसें विषारी, हें रोमन लोकांच्या काळापासून माहीत. ऑक्टोबर १९२४ मध्यें न्यू जर्सींतील बेवे येथील कारखान्यांत पांच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. त्याच महिन्यांत मिजलीनें वार्ताहरांसमोर त्या द्रवानें हात धुऊन दाखविले. स्वतः त्याला मात्र आदल्या वर्षीं शिशाच्या बाधेनें विश्रांति घ्यावी लागली होती. मद्यार्क मिसळल्यानेंहि आवाज थांबतो, हें या मंडळींस ठाऊक होतें. पण मद्यार्क कोणीहि काढावा. त्यांत पेटंटाचा नफा कोठला? १९२५ सालीं वॉशिंग्टनला परिषद भरली. ॲलिस हॅमिल्टन या विदुषीनें कडाडून विरोध केला, तरी १९२६ मध्यें विक्री पुन्हां सुरू झाली. हिंदुस्थानांत शिशाचें पेट्रोल सर्वत्र बंद झालें १ फेब्रुवारी २००० रोजीं, आणि जगांत शेवटीं अल्जीरियांत, २०२१ सालीं.

आतां ज्यांच्या घरीं अशी एखादी जुनी मोटार जपलेली आहे, त्यांच्यासाठीं दोन शब्द. चढावर येणारा आणि ठिणगी उशिरां पाडणारा दांडा सरकवितांच थांबणारा आवाज, तो खरा नॉक. थंड इंजिनांत मोठा व तापल्यावर कमी होणारा आवाज सैल पिस्टनचा. एकेका सिलिंडरचा प्लग तात्पुरता बंद करून पाहतांना ज्याच्या बाबतींत आवाज मऊ पडतो, त्याच्या कनेक्टिंग रॉडचें बेअरिंग तपासावें. खरा नॉक निघाला, तर पेट्रोलास दोष देऊं नये. १९२० च्या सुमाराच्या इंजिनांना पन्नाशीच्या आसपासचें ऑक्टेन पुरत असे, आणि आजचें साधें पेट्रोल त्याहून पुष्कळच वरचें आहे. सिलिंडरवरील टोपण उघडून आंतली काजळी खरवडावी आणि ठिणगीची वेळ नीट लावून घ्यावी.