पालकाचं पान आणि रक्ताचा कर्करोग

आपल्या गटातल्या गरोदर लेकीसुनांना अंगणवाडीत किंवा उपकेंद्रात लाल गोळी मिळते. आपण तिला ‘लोहाची गोळी’ म्हणतो. पण तिचं पूर्ण नाव लोह आणि फॉलिक ॲसिड असं आहे. त्यातल्या या दुसऱ्या नावाचा इतिहास आज सांगते. तो सुरू होतो आपल्या मुंबईत, आणि पोचतो थेट रक्ताच्या कर्करोगाच्या औषधापर्यंत.

१९२८ साली ल्युसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टरबाई मुंबईला आली. परळच्या हाफकिन संस्थेत तिचं काम चालायचं. त्या काळी गरोदर बायकांना एक भयंकर पंडुरोग व्हायचा. रक्त इतकं कमी व्हायचं की बाळंतपणात बाई दगावायची. ल्युसीबाईंनी नुसतं रक्त तपासलं नाही. या बायका राहतात कुठे, खातात काय, हेही पाहिलं. त्यांच्यात कापड गिरण्यांत राबणाऱ्या गरीब बायाही होत्या. जिच्या ताटात भाजी, फळ, दूध नाही, तिलाच हा आजार जास्त गाठतो, हे दिसून आलं.

मग त्यांनी तसाच आहार प्रयोगशाळेतल्या माकडांना दिला. माकडांचंही रक्त आटलं. त्यांना मार्माइट दिलं, तेव्हा ती सुधारली. मार्माइट म्हणजे यीस्टच्या अर्काचा काळा, खारट, चिकट लेप. इंग्रज लोक तो पावाला लावून खातात. तोच लेप आजारी बायकांना दिला आणि त्यांचंही रक्त भरू लागलं. हे निष्कर्ष १९३१ साली छापून आले. यीस्टमध्ये गुण कशाचा, हे मात्र तेव्हा कळलं नव्हतं. लोक त्याला ‘विल्स घटक’ म्हणू लागले.

पुढे १९४१ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी चार टन पालकातून तसाच एक घटक वेगळा काढला. लॅटिन भाषेत पानाला फोलियम म्हणतात, म्हणून नाव पडलं फॉलिक ॲसिड. ते कारखान्यात तयार करणाऱ्या गटाचे प्रमुख होते आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. त्यांचा स्वतःचा भाऊ संग्रहणीने गेला होता, आणि त्या आजारावरही हेच औषध लागू पडतं.

हे फॉलिक ॲसिड करतं तरी काय? आपल्या एका गटाचे दोन गट करायचे झाले, तर आधी वहीची नक्कल करावी लागते. रक्ताच्या पेशींचंही तसंच आहे. हाडांतल्या मगजात रोज कोट्यवधी नव्या पेशी तयार होतात. एकीच्या दोन होताना आतल्या ‘वही’ची, म्हणजे डीएनएची, नक्कल व्हावी लागते. त्यासाठी फॉलिक ॲसिड हवं. ते नसेल तर पेशी नुसती फुगते, पण दुभागत नाही. म्हणून त्या बायकांच्या रक्तात पेशी थोड्या आणि आकाराने मोठ्या दिसायच्या.

आता गोष्टीला वळण लागतं. रक्ताच्या कर्करोगात, म्हणजे ल्युकेमियात, बिघडलेल्या पांढऱ्या पेशी थांबायचं नावच घेत नाहीत. बोस्टन शहरातले डॉ. सिडनी फार्बर यांनी विचार केला, की या पेशींनाही नक्कल करायला फॉलिक ॲसिड लागणारच. मग तेच अडवलं तर? सुब्बारावांच्या गटाने फॉलिक ॲसिडसारखं दिसणारं, पण त्याचं काम न करणारं औषध बनवलं. कुलपात चुकीची किल्ली अडकली की खरी किल्ली आत जात नाही, तसं. १९४८ साली फार्बर यांनी सोळा अत्यवस्थ मुलांची हकीकत छापली. त्यातल्या दहा मुलांना उतार पडला होता. तो उतार टिकला नाही, पण या रोगापुढे औषध चालतं हे पहिल्यांदा दिसलं. त्याच कुळातलं मेथोट्रेक्सेट आजही मुलांच्या ल्युकेमियावर इतर औषधांच्या जोडीने देतात, आणि आज त्यातली पुष्कळ मुलं पूर्ण बरी होतात.

मैत्रिणींनो, यावरून कुणी म्हणेल, मग ही गोळी घेऊच नये. असा अर्थ काढू नका. निरोगी बाईच्या रक्ताला आणि पोटातल्या बाळाला फॉलिक ॲसिड हवंच. फक्त कुणाचे मेथोट्रेक्सेटसारखे उपचार चालू असतील, तर तिने कुठलीही गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

गरोदरपणात चौथ्या महिन्यापासून रोज एक, अशा १८० गोळ्या, आणि बाळंतपणानंतर आणखी १८०, असा सरकारी नियम आहे. शौचाला काळी होते म्हणून पुष्कळजणी त्या डब्यात ठेवून देतात. तो रंग लोहाचा असतो, त्याला घाबरू नका. मळमळत असेल तर जेवल्यावर घ्या, पण चहासोबत नको. ताटात पालेभाजी, मटकी, हरभरा असू द्या, आणि भाजी फार वेळ शिजवू नका.

येत्या मासिक बैठकीत बचतीचा हिशेब झाला की एक प्रश्न जरूर विचारा : गटातल्या कुणाच्या घरी गोळ्यांचं पाकीट न फोडता पडलंय का? त्या गोळीमागे मुंबईच्या गरीब बायांचं रक्त आणि दुखणं आहे. ती डब्यात राहू नये.