वाणिज्य महाविद्यालये आणि पेढीचा जमाखर्च

महाराष्ट्रातील वाणिज्य शिक्षणाचा इतिहास बहुधा संस्थांच्या स्थापनावर्षांच्या क्रमाने सांगितला जातो. त्यात एक प्रश्न दृष्टीआड राहतो. ज्या व्यापाराच्या नावाने हे शिक्षण उभे राहिले, त्या व्यापाराच्या वहीवर त्याचा परिणाम कधी आणि कोणत्या मार्गाने झाला? पुण्यापुरते याचे उत्तर गुलटेकडीच्या मार्केट यार्डात, किंबहुना तेथे येण्यापूर्वी भवानी व नाना पेठेत असलेल्या भुसार पेढ्यांत शोधावे लागते.

मुंबईस सिडनहॅम कॉलेज १९१३ मध्ये निघाले. वर्ध्यास शिक्षा मंडळाने १९४० मध्ये गोविंदराम सेकसरिया वाणिज्य महाविद्यालय काढले आणि १९४५ मध्ये त्याच नावाचे दुसरे नागपुरास. पुण्यात डेक्कन एज्युकेशन सोसायटीने १९४३ मध्ये जे महाविद्यालय स्थापिले, त्याचे ‘बृहन्महाराष्ट्र’ हे नाव देणगीदार साखर सिंडिकेटवरून आलेले आहे. याच सोसायटीचे चिंतामणराव वाणिज्य महाविद्यालय १९६० मध्ये हळदीच्या पेठेत, म्हणजे सांगलीस, उघडले. द्रव्य व्यापार-उद्योगाचे आणि चालक शिक्षणसंस्था, असा हा संयोग होता. अध्यापनाची धुरा मात्र अर्थशास्त्रज्ञांकडे आली. पुण्याच्या महाविद्यालयाचे प्राचार्य द. गो. कर्वे हे पुढे १९५५ च्या ग्रामोद्योग व लघुउद्योग समितीचे अध्यक्ष झाले. त्यांची दृष्टी नियोजनाची होती, दुकानाची नव्हे. आणि त्यात दोष काढण्याचे कारणही नाही.

पेढीवरील शिक्षण निराळेच होते. मुलगा लहान वयात गादीवर बसे, दिवाणजींच्या हाताखाली प्रथम कीर्द लिही, मग खतावणीस हात लावी. लांब कागदाला घड्या घालून पाडलेले ‘सळ’ हेच त्या वहीतले रकाने; छापील रेघांची तिला गरज नसे. व्यक्तीच्या खात्यात डावीकडे जमा आणि उजवीकडे नावे. इंग्रजी खातेवहीत याच्या उलट, नावे डावीकडे. महाविद्यालयातून पदवी घेऊन आलेल्या मुलास वडिलांची वही वाचताना दिशाच बदलावी लागे. देशी नामा अशास्त्रीय होता असे मात्र म्हणता येत नाही. प्रत्येक देण्यास घेण्याची जोड त्यातही होती. उणीव होती ती परक्यास वाचता येण्याची. पेढीला परका वाचक नकोच होता.

तो वाचक राज्यसंस्थेने आणला. मुंबई सरकारने १९१८ मध्ये हिशेबनिसांची पदविका सुरू केली होती. १९४६ मध्ये प्रांतात विक्रीकर आला आणि १९४९ मध्ये सनदी लेखापालांची संस्था स्थापन झाली. करअधिकाऱ्यासमोर वही नेणे भाग पडले, तेव्हा वाणिज्य पदवीधर बाजारात शिरला. परंतु व्यापारी म्हणून क्वचित, करसल्लागार व लेखापरीक्षक म्हणून अधिक. दिवाळीपासून दिवाळीपर्यंतचे हिशेबी वर्षही अध्यापनाने हटविले नाही. आयकर कायद्यातील बदलाने १ एप्रिल १९८९ पासून सर्वांस एप्रिल ते मार्च हेच वर्ष लागू झाले. लक्ष्मीपूजनास वहीची पूजा राहिली, हिशेबाचा आरंभ तेथून गेला.

या साऱ्या व्यवहारात तिसरा पक्ष शेतकरी होय. त्याच्या हाती येई ती खातेवही नव्हे, हिशेबपट्टी: मालाची रक्कम आणि तीतून वजा केलेली आडत, हमाली, तोलाई. पदवीच्या अभ्यासात कंपनीचा ताळेबंद मध्यभागी राहिला. या पट्टीकडे त्या मानाने थोडेच लक्ष गेले. तिच्यावर नियंत्रण आणले ते १९३९ च्या मुंबईच्या आणि १९६३ च्या महाराष्ट्राच्या बाजार कायद्यांनी. फळे व भाजीपाल्यावरील आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला, तोही शासनाकडूनच.