शाकारणी करणाऱ्यांचा इतिहास

इतिहासाला बांधणाऱ्यांचं फार कौतुक. किल्ला कुणी बांधला हे शाळकरी पोरही सांगेल. त्याच्या तटाची डागडुजी कुणी केली असं विचारलं, की गुरुजीसुद्धा खडू शोधू लागतात. घरावर ‘अमुक निवास’ अशी पाटी झळकते, पण दर मे महिन्यात छपरावर चढून कौलं शाकारणाऱ्याचं नाव कुठल्या भिंतीवर कोरलेलं माझ्या तरी पाहण्यात नाही.

खिशातल्या मोबाइलचंही तेच. फोन कोणत्या कंपनीचा, हे आपण चारचौघांत ऐटीत सांगतो. त्याच्या आतली ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे पडद्यापासून घंटीपर्यंत सगळ्यांना कामाला लावणारी ती घरातली कर्ती बाई, कोण सांभाळतं याची चौकशी कोण करतो? ती अंथरुणाला खिळली की मग धावाधाव.

ओव्यात मी ही धावाधाव जवळून पाहिली. ओवे हे पनवेल तालुक्यातलं गाव. पुण्याच्या पाहुण्यांना पत्ता सांगितला की त्यांना ‘ओवी’ ऐकू येते. खारघरच्या इमारती आता इतक्या अंगाला भिडल्या आहेत, की गाव कुठे संपतं आणि सेक्टर कुठे सुरू होतो हे फक्त रिक्षावाल्याला कळतं. तिथल्या दुरुस्तीच्या दुकानात आमच्या शेजारच्या आजी आपला टॅब्लेट घेऊन आल्या होत्या. परदेशातला नातू त्यांना त्यातच भेटायचा. काच शाबूत, बॅटरी ठणठणीत, पण नातू दिसेना.

दुकानातला पोरगा म्हणाला, “आजी, डबा झकास आहे. पण याला वरून अपडेट यायचं बंद झालंय.”

“वरून बोलावणं येतं एवढं ठाऊक होतं रे बाबा,” आजी म्हणाल्या, “हे नवीनच ऐकते.”

विनोद सोडा, पण धडधाकट वस्तू नुसती कुणी सांभाळत नाही म्हणून निकामी होते, ही गंमत नव्हे. सिस्टिमला रोज नवी भोकं सापडतात, चोर त्यांतून शिरतात, नवी अ‍ॅप्स जुन्या घरात यायला नाक मुरडतात. भोकं बुजवणारा गेला, की पुढच्या पावसाळ्यात घर गळणारच.

या घराण्याचा मूळ पुरुष म्हणजे लिनक्स. १९९१ साली हेलसिंकीतल्या लिनस टॉरवाल्ड्स नावाच्या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने छंद म्हणून तो लिहायला घेतला. त्याच्या गाभ्याला ‘कर्नल’ म्हणतात. पलटणीशी त्याचा संबंध नाही, फणसातल्या आठळीशी आहे. पुढच्याच वर्षी त्याने हा गाभा अशा परवान्याखाली दिला, की कुणीही घ्यावा, सुधारावा, वाटावा. आपल्याकडे शेजारीण लोणच्याची कृती देताना एक जिन्नस हमखास गाळते; या गृहस्थाने मिठासकट सगळी कृती लिहून दिली. २००८ साली अँड्रॉइडचा पहिला फोन बाजारात आला, तो याच आठळीवर.

आमच्या मुलखातही हात पोळून घेणारे निघाले. आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांनी २०१५ च्या सुमारास अँड्रॉइडवर बेतलेली ‘इंडस ओएस’ आणली. फोन मराठीत बोलू लागला, इंग्रजी निरोप बोटाने सरकवून आपल्या भाषेत वाचता येऊ लागला. पुढे कंपनी फोनपेकडे गेली आणि २०२४ च्या फेब्रुवारीत ‘इंडस’ नावाचं अ‍ॅप्सचं दुकान उघडलं. घर गेलं, ओटीवरचं दुकान राहिलं.

ओव्याहून ठाण्याच्या दिशेने निघालं की वाटेत घणसोली लागतं. तिथल्या जिओने २०१७ च्या जुलैत १,५०० रुपये अनामतीचा जिओफोन जाहीर केला. त्याच्या पोटात काइओएस होती, तिच्याही गाभ्यात लिनक्स. पण हिची कुंडली पाहण्यासारखी आहे. मोझिलाने फायरफॉक्स ओएस काढली. २०१४ साली तिचा फोन आपल्याकडे १,९९९ रुपयांना मिळत होता. २०१५ च्या डिसेंबरात मोझिलाने फोनचा नाद सोडत असल्याचं सांगितलं. कृती उघडी होती, म्हणून दुसऱ्यांनी ते टाकलेलं पोर उचललं, बटणांच्या फोनात वाढवलं आणि खेडोपाडी पोचवलं. मात्र बाहेरच्या पाहुण्यांवर घरच्यांचा हुकूम चालत नाही. २०१८ साली थाटात आलेल्या व्हॉट्सअ‍ॅपने २०२४ च्या जूनमध्ये काइओएसच्या नव्या गिऱ्हाइकांना दार लावलं.

सगळ्यात हृद्य कथा उबुंटू टचची. कॅनॉनिकल कंपनीने ती २०१३ च्या जानेवारीत जाहीर केली. २०१५ साली स्पेनच्या बीक्यूने पहिला फोन काढला, २०१६ साली टॅब्लेटही. आणि ५ एप्रिल २०१७ रोजी कंपनीचे संस्थापक मार्क शटलवर्थ यांनी हे काम थांबवत असल्याचं जाहीर केलं. फोन लोकांच्या हातात, कर्ता पुरुष संन्यासाला!

तेव्हा मारियस ग्रिप्सगार्ड या नॉर्वेजियन तरुणाने सुरू केलेल्या यूबीपोर्ट्सच्या मंडळींनी किल्ल्या कमरेला खोचल्या. बहुतेक सगळे हौशी. दिवसा नोकरी, रात्री डागडुजी. आपल्या सोसायटीचा सेक्रेटरी आठवा: पगार नाही, पण टाकी भरली नाही की पहिली बेल त्याच्याच दारावर. शिवाय इथे प्रत्येक मॉडेलची टाकी वेगळी. चिप बनवणारी कंपनी आपल्या जुन्या कर्नलात कॅमेऱ्याच्या, रेडिओच्या चाव्या बंद करून निघून जाते. मग या मंडळींना अँड्रॉइडचा खालचा मजला तसाच ठेवून वर आपलं बिऱ्हाड थाटावं लागतं.

तरी त्यांनी ते निभावलं. २०१८ च्या ऑगस्टमध्ये सगळं बिऱ्हाड उबुंटू १६.०४ वर हलवलं. त्या आवृत्तीची नेहमीची मुदत २०२१ च्या एप्रिलमध्ये सरली, २०.०४ वर मुक्काम हलवायला २०२३ चा मार्च उजाडला. मधली दोन वर्षं वाट पाहणाऱ्यांनी किती कटकट केली असेल, हे सोसायटीची वार्षिक सभा पाहिलेल्यांना सांगायला नको.

मला यातून एवढंच उमगलं, की कृती उघडी असली म्हणजे स्वयंपाकाची परवानगी मिळते. रोज चूल पेटवणारा माणूस मिळतोच असं नाही. जिथे तो मिळाला तिथे टाकून दिलेले फोन पुन्हा बोलू लागले. जिथे नाही, तिथे चांगल्या काचा भंगारात गेल्या.

तेव्हा रात्री फोनने अपडेटसाठी दहा मिनिटं मागितली, तर ‘नंतर’ या शब्दावर बोट ठेवण्यापूर्वी क्षणभर थांबा. कुणीतरी छपरावर चढलंय. निदान खालून शिडी काढून घेऊ नका.