कैरोच्या गेनिझांतील रुग्णांचे कागद

ज्यावर ईश्वराचें नांव असूं शकेल असा कागद फाडून टाकूं नये, या यहुदी आचारामुळें जुन्या कैरोंतील बेन एझ्रा प्रार्थनामंदिराच्या कोठडींत, म्हणजे गेनिझांत, शतकानुशतकें कागद सांठले. इ. स. १८९६-९७ त सॉलोमन शेख्टर यांनी त्यांतील सुमारें १,९३,००० तुकडे केंब्रिजला नेले. प्रथम विद्वानांची दृष्टि धर्मग्रंथांच्या पानांवरच होती; दानाच्या याद्या व विनंतीपत्रें पुष्कळ काळ मागें पडलीं. (आम्हीही पोथीच्या लोभानें हिशेबाचे चिटोरे बाजूस सारले आहेत.) एस्. डी. गोइटाइन यांनी १९७१ त आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडांत या कागदांवरून तेथील दानव्यवस्था उभी केली.

हिब्रू लिपींत पण बहुधा अरबी भाषेंत लिहिलेल्या या पत्रांत आजारी याचक दात्यास आशीर्वाद देतो, आपली व्यथा सांगतो, मागणें मागतो, आणि दात्याच्या मुलांबाळांसाठीं प्रार्थना करतो. म्हणजे घेणाराही रित्या हातानें येत नाहीं. आठवड्यांतून दोनदां, मंगळवारीं व शुक्रवारीं, भाकरी वांटल्या जात. यादींत कांहीं जणांची नोंद केवळ ‘आंधळा’ एवढीच आहे.

याच गांवीं बाराव्या शतकांत वैद्यकी करणारा मायमोनिडीझ आपल्या धर्मसंहितेंत सांगतो कीं, रुग्णाच्या भेटीस दिवसाच्या पहिल्या व शेवटच्या तीन घटकांत (‘घटका’ म्हणजे येथें तास) जाऊं नये, कारण तेव्हां सेवकांना रुग्णाचें काम असतें. शय्येवर बसूं नये, उशाच्या खालच्या बाजूस बसून करुणा भाकावी, आणि निघावें.