गंधशास्त्र आणि आरोग्य

सुगंधी तेलाचे दोन थेंब उशाशीं ठेवावे, अंगास चोळावे आणि व्याधि दूर कराव्या, असा एक उपचार आज पुष्कळ रूढ झाला आहे. ‘अरोमाथेरपी’ हें त्याचें नांव. हा आमच्या पूर्वजांचाच ठेवा होय, असेंही अभिमानानें सांगितलें जातें. ह्या विधानाची छाननी होणें अवश्य आहे. कारण येथें प्राचीनत्वाच्या आधारावर औषध विकलें जात असतें.

प्रथम नांवाचा विचार करूं. तें फ्रान्समधील लिआँ शहराचे रसायनज्ञ रने-मोरिस गातफोसे ह्यांनीं प्रचारांत आणिलें. १९१० सालीं प्रयोगशाळेंतील स्फोटांत ते भाजले. चिघळलेल्या जखमांस लॅव्हेंडरच्या तेलाचा गुण आला, असें त्यांनीं लिहून ठेविलें आहे. ‘अरोमाथेरपी’ हा त्यांचा ग्रंथ १९३७ सालीं निघाला.

मग पूर्वजांजवळ काय होतें? पुष्कळच होतें. कामसूत्रांत गंधयुक्तीची गणना ६४ कलांत केली आहे. सहाव्या शतकांत वराहमिहिरानें बृहत्संहितेंत तिला एक स्वतंत्र अध्याय दिला, आणि सोळा द्रव्यांतून चार चार घेऊन त्यांचें प्रमाण पालटीत गेल्यास १,७४,७२० गंध होतात, असा हिशेब मांडिला. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे परशुराम कृष्ण गोडे ह्यांनीं १९४५ च्या सुमारास गंगाधराचा ‘गंधसार’ आणि मराठी टीकेसह असलेला ‘गंधवाद’ ह्या ग्रंथांवर प्रकाश पाडिला. ही मराठी टीका आम्हांस विशेष मोलाची वाटते. देशभाषेंत अर्थ सांगावा लागला, त्या अर्थीं ही विद्या पंडितांपुरती न राहतां गंध कुटणाऱ्या हातांपर्यंत पोहोंचली असावी.

परंतु ह्या विद्येचें ध्येय कोणतें? वराहमिहिराचें चंपकगंधी तेल पाहावें. मंजिष्ठ, कोष्ठ इत्यादिकांचें चूर्ण तेलांत घालून तें उन्हांत तापवावयाचें. त्यांत चाफ्याचें फूल नाहींच! वनस्पतीच्या अर्काचा गुण हवा असता, तर ही युक्ति व्यर्थ ठरली असती. येथें हवा होता तो सुवास. गंगाधरही देवपूजा, पुष्टि, राजांचा संतोष हीं फळें सांगतो. रोगनिवारणाचें वचन देत नाहीं. चंदन, वाळा हीं द्रव्यें वैद्यही योजीत. पण तो आयुर्वेदाचा प्रांत, गांध्याचा नव्हे.

आजचें विज्ञान ह्याहून फार निराळें सांगत नाहीं. सुवासानें व हलक्या मर्दनानें मनास कांहीं काळ स्वास्थ्य लाभतें. रोग बरे होतात ह्यास मात्र पुरेसा पुरावा नाहीं. उलट, निर्भेळ अर्क त्वचेस पोळतो, आणि निलगिरीचें तेल मुलाच्या पोटांत गेल्यास विषबाधा होते. श्रांत जीवास घटकाभर विसांवा देणें हें थोडें कार्य नव्हे. पूर्वजांनीं गंधाकडे तेवढेंच मागितलें. जें ते बोलले नाहींत, तें त्यांच्या तोंडीं घालून रोग्यास वैद्याच्या दारापासून परतविणें, हा पूर्वजांचा गौरव खचित नव्हे.