नगरच्या छावणीतील जर्मन पाद्री

अहमदनगर म्हटले म्हणजे चांदबिबीचा किल्ला आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो आणि १९४२ पासून त्या किल्ल्यात डांबून ठेवलेले काँग्रेसचे पुढारी आठवतात. शहराचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे. परंतु ज्या दिवसांची हकीकत आज सांगावयाची आहे त्या दिवसांत ते नगरच होते, म्हणून मीही तेच नाव योजतो. पंडित नेहरूंना तेथे आणण्यापूर्वी सुमारे पाव शतक, पहिल्या महायुद्धाच्या काळात, याच नगरात एक निराळी बंदिवान वसाहत होती. हिंदुस्थानात सापडलेले जर्मन व ऑस्ट्रियन पुरुष सरकारने तेथे तारेच्या कुंपणाआड ठेवले होते. त्यांत पेढ्यांचे व्यापारी होते, जहाजांवरचे खलाशी होते, आणि गंमत अशी की, ज्यांचा शस्त्राशी आयुष्यात संबंध आला नव्हता असे पाद्रीही होते.

हे पाद्री कोठून आले? कोणी तमिळ मुलखातल्या लाइपझिग मिशनचे, कोणी रांचीकडील गोस्नर मिशनचे, तर कोणी मंगळूर, धारवाड, हुबळी, गदग या भागातील बाझेल मिशनचे. यांपैकी धारवाड व हुबळी ही गावे त्या वेळी आपल्याच मुंबई इलाख्यात मोडत असत. बाझेल हे शहर स्वित्झर्लंडमधले, म्हणजे तटस्थ राष्ट्रातले. परंतु तेथून आलेले पुष्कळसे पाद्री वुर्टेंबर्गचे, म्हणजे जन्माने जर्मन, आणि सरकारी नोंदवहीत माणसाची जन्मभूमीच तेवढी पाहिली जाते. युद्धाच्या आरंभी अनेकांना वचनचिठ्ठीवर आपापल्या ठाण्यात राहू दिले होते. पुढे १९१५ च्या मे महिन्यात 'लुसिटानिया' हे उतारू जहाज बुडाले, ब्रिटिश लोकमत भडकले, आणि ती सवलत आखडत गेली. १९१५-१६ साली 'गोलकोंडा' नावाच्या जहाजाने बायकामुले व वयस्क पाद्री युरोपात परत धाडण्यात आले. लष्करी वयाचे जे होते ते नगरातच राहिले. काही कुटुंबांना बेळगावच्या छावणीत ठेवले होते.

पाद्री गेले, पण त्यांनी उभी केलेली मंडळी मागे राहिली. आपल्याकडील मराठी ख्रिस्ती समाज 'चर्च' या शब्दासाठी 'मंडळी' हा शब्द वापरतो, आणि मला तो फार समर्पक वाटतो. कारण इमारतीला कुलूप घालता येते, मंडळीला घालता येत नाही. रांचीच्या आसपासच्या मुंडा व उराँव खेड्यांत १८४५ पासून वाढलेल्या शाळा, दवाखाने व प्रार्थनामंदिरे एका हुकुमासरशी पोरकी झाली. मिशनरी वाङ्मयात त्या वेळी अशा मिशनांना 'अनाथ मिशने' असेच नाव पडले. प्रश्न असा होता की, या अनाथांची वकिली कोणी करावी? त्यांचे आश्रयदाते शत्रू ठरलेले, आणि खेड्यांतल्या ख्रिस्ती शेतकऱ्याचा आवाज लंडनपर्यंत पोहोचण्याचा मार्ग नाही.

वकिली करणारे निघाले ते प्रथम तटस्थ देशांतून. स्वीडनचे लूथरपंथी मिशन १९०१ पासून लाइपझिगच्या बरोबरीने तमिळ प्रांतात काम करीतच होते; त्याने शेजाऱ्याचा भार उचलला. १९१९ मध्ये तमिळ लूथरन मंडळी स्वतंत्रपणे स्थापन झाली आणि १९२१ मध्ये एर्न्स्ट हॉयमन हा स्वीडिश गृहस्थ तिचा पहिला बिशप झाला. ज्या त्रांकेबार गावी १७०६ साली त्सीगेनबाल्ग व प्ल्युत्शाऊ हे पहिले लूथरपंथी धर्मोपदेशक उतरले, त्याच गावाच्या नावाने त्याचे बिशपपद ओळखले जाते. अमेरिकेतही १९१८ मध्ये लूथरपंथीयांची राष्ट्रीय समिती स्थापन झाली आणि तिने पुढे या अनाथ मिशनांसाठी पैसा उभा केला.

परंतु खरी कसोटी लागली ती तहाच्या मेजावर. जिंकलेल्या राष्ट्राने हरलेल्याची मालमत्ता ताब्यात घ्यावयाची आणि ती विकून आपली भरपाई करून घ्यावयाची, हा त्या तहाचा सर्वसाधारण नियम होता. त्या नियमात रांचीची शाळा आणि हँबर्गच्या व्यापाऱ्याची वखार यांत भेद राहिला नसता. येथे जोसेफ ओल्डहॅम या ब्रिटिश गृहस्थाचे नाव घ्यावे लागते. हा स्वतः लूथरपंथी नव्हे. १९१० च्या एडिंबरो येथील जागतिक मिशनरी परिषदेचा तो चिटणीस. त्याने लंडनच्या सरकारी कचेऱ्यांचे उंबरठे झिजविले, कँटरबरीच्या आर्चबिशपांचे वजन खर्ची घातले, आणि २८ जून १९१९ रोजी सह्या झालेल्या व्हर्सायच्या तहात ४३८ वे कलम घातले गेले. मिशनांची मालमत्ता मिशनच्याच कार्यासाठी राहावी आणि ज्या पंथाची ती असेल त्याच पंथाच्या विश्वस्तांच्या हाती ती सोपवावी, असा त्याचा आशय. ज्यांचा नफा मिशनला जात असे अशा व्यापारी संस्थांनाही त्यात गोविले होते.

हा शेवटचा भाग आपल्या ओळखीचा आहे, हे सांगितले तर श्रोत्यांस नवल वाटेल. मुंबईच्या जुन्या घरांवर आणि आज जेथे नवी मुंबई वसली आहे त्या पनवेल-बेलापूरकडच्या गावठाणांत जी मंगळुरी कौले दिसत, त्या कौलांच्या धंद्यात बाझेल मिशनचा हात मोठा होता. जॉर्ज प्लेब्स्ट याने १८६५ साली मंगळुरास कौलांचा कारखाना काढला. हेतू हा की, धर्मांतरामुळे जातीबाहेर पडलेल्या माणसास पोटाला मिळावे. युद्धानंतर हे कारखाने व विणकामाचे माग 'कॉमनवेल्थ ट्रस्ट' या इंग्रज कंपनीकडे गेले. नफा परोपकारासाठी, असे म्हटले गेले खरे. परंतु ज्यांनी भट्टी पेटविली त्यांना त्यात जागा उरली नाही. कलमाने मालमत्ता वाचविली, माणसांना वाचविले नाही. जर्मन पाद्र्यांना हिंदुस्थानात परत येण्याची मनाई काही वर्षे कायमच राहिली.

म्हणूनच जर्मनीतील मिशनरी वर्तुळांत ओल्डहॅमविषयी कृतज्ञतेपेक्षा रागच अधिक काळ टिकला. त्यांचे म्हणणे, तुम्ही बंद दाराआड बोललात, उघड बोलला नाहीत. अमेरिकन पुढारी जॉन मॉट याच्यावर तर त्यांचा रोष फारच, कारण १९१७ मध्ये तो अमेरिकन सरकारच्या शिष्टमंडळाबरोबर रशियास गेला आणि त्यांच्या मते त्याने तटस्थता मोडली. मला वाटते, दोन्ही पक्षांचे थोडे थोडे खरे आहे. युद्ध चालू असता शत्रूराष्ट्राच्या मिशनरींची बाजू ब्रिटनमध्ये उघड मांडणे म्हणजे त्यांचे अधिकच नुकसान करणे होते. उलट, जी वकिली अशिलाच्या कानावर येत नाही, तिच्यावर अशिलाने विश्वास ठेवावा तरी कसा?

आणि एक तिसरा पक्ष होता, ज्याला या दोघांनीही फारसे विचारले नाही. रांचीची मंडळी. युद्धकाळात अँग्लिकन बिशप फॉस वेस्टकॉट यांनी तिच्या शाळांची देखरेख केली, आणि ती आस्थेनेच केली. युद्ध संपल्यावर मात्र या मंडळीने अँग्लिकन मंडळीत विलीन व्हावे, असा विचार पुढे आला. व्यवहाराच्या दृष्टीने तो सोयीचा होता: पैसा होता, बिशप होता, सरकारचा विश्वास होता. रांचीच्या मंडळीने तो नाकारला. १० जुलै १९१९ रोजी तिने आपण स्वायत्त असल्याचे जाहीर केले. हनुख दत्तो लकडा हे अध्यक्ष आणि पीटर हुरद हे चिटणीस झाले. व्हर्सायला सह्या होऊन तेव्हा पंधरवडाही उलटला नव्हता. जिच्या वतीने इतर बोलत होते, ती मंडळी स्वतः बोलू लागली; आणि पहिलेच बोलली ते आपल्या हितचिंतकांच्या सल्ल्याविरुद्ध.

१९३९ साली नगरच्या छावणीत पुन्हा जर्मन कैदी आले. त्यांत या खेपेसही पाद्री होते. १९४१ मध्ये त्यांना देवळालीस व तेथून डेहराडूनला हलविले. कित्येक कुटुंबे साताऱ्यास आणि पुरंदर गडावर देखरेखीखाली राहिली. पण या वेळी मागे राहिलेल्या मंडळ्या अनाथ नव्हत्या. तमिळ मंडळीला आपला बिशप होता, रांचीच्या मंडळीला वीस वर्षांचा कारभाराचा अनुभव होता, आणि हिंदुस्थानातील लूथरपंथी मंडळ्यांचा १९२६ पासून स्वतःचा संघ होता. १९४७ च्या उन्हाळ्यात स्वीडनमधील लुंड येथे लूथरन जागतिक संघाची स्थापना झाली, तेव्हा रांचीची मंडळी तेथे सभासद म्हणूनच सामील झाली.